सासऱ्यांची जीभ नेमकी कुठे असते?

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामींचा रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझे हातपाय गार पडले आहेत.

मी सासऱ्यांकडे ट्रम्पेट शिकतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (जावयाने या भानगडीत पडू नये असं तुम्ही बजावलं होतंत. ऐकलं नाही.) त्यांना स्वतःला कुणी शिकवलंच नाही. लहानपणी उचललं, तोंडाला लावलं, वाजलं. त्यामुळे शिकवणंही तसंच: स्वर मनात आणायचा आणि सोडायचा. मी मनात आणतो, सोडतो, आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. मग ते वाजवून दाखवतात, इतकं सुरेख की माझा उरलासुरला धीरही खचतो. तुम्ही मात्र हेच ट्रम्पेट वर्षानुवर्षं घाम गाळून जेमतेम वाजवायला लागलात (राग मानू नका), म्हणून निदान चुकतं कुठे ते तुम्हाला सांगता येतं.

परवा मी नको ते विचारून बसलो. वरचा स्वर घेताना तुमची जीभ नेमकी कुठे असते? ते हसले. मग थांबले. मग आरसा मागवला. जीभ शोधायच्या नादात स्वर गेला तो गेलाच. आता त्यांच्या ट्रम्पेटमधूनही माझ्यासारखाच आवाज येतो. शनिवारी कारखान्यात त्यांचा निरोपसमारंभ आहे, आणि तिथल्या बँडपुढे उभं राहून त्यांनी एकट्याने वाजवायचंय. सासूबाईंनी झाडून सगळ्या नातेवाइकांना बोलावलंय. हिला वाटतं, बाबांचा ओठ दुखावलाय. खरं कळलं तर माझी धडगत नाही. घरात भांडं पडलं तरी मी दचकतो.

मामींना नमस्कार.

तुमचा,
भेदरलेला भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. शनिवारी सकाळी तुम्ही अत्यवस्थ असल्याचा फोन करा, म्हणजे मला तिकडे पळ काढता येईल.

आणखी एक ता. क. फोन करू नका. सासरे आत्ताच येऊन गेले. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "हल्ली ट्रम्पेटची पेटी उघडायचाच धीर होत नाही. तुमचंही असंच होतं का हो?" मी म्हटलं, रोज. "मग वाजवता कसे?" ते तुम्हालाच सांगता येईल; त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हा तुम्हीच या, ट्रम्पेट घेऊन. मीही उभा राहतो त्यांच्या शेजारी. तिघे एकदम चुकलो, तर लोकांना वाटेल, चालच तशी आहे.