अध्यक्षांची तीन मिनिटं

७ जून, रविवार

आजपासून मी ईडन प्रेरी परिसर मराठी मंडळाचा अध्यक्ष! बिनविरोध. दुसऱ्या कोणी फॉर्मच भरला नव्हता. केवढा हा विश्वास! शैलजा म्हणाली, विनय, विश्वास वगैरे काही नाही, मखर आणि मोठी पातेली आपल्या गॅरेजमध्ये असतात म्हणून. बायकोला राजकारण कळत नाही.

एकच बारीकशी अडचण. कमिटीच्या सहाही जागा मीनाक्षीच्या ‘नवी पालवी’ पॅनेलने जिंकल्या. माझं पॅनेल साफ. आमच्या देवदत्तच्या घरात चार मतं आहेत, त्याला तीन पडली. तो आता घरात कोणाशीच बोलत नाही.

हरकत नाही. वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस, म्हणजे संसद, दुसऱ्याची, असं कित्येकदा झालंय. देश चालतोच की.

संकल्प: १) सगळ्यांना बरोबर घेऊन चालणार. २) गणेशोत्सवात चाळीस मिनिटांचं अध्यक्षीय भाषण. विषय: शिस्त.

दुसऱ्या संकल्पामागे कारण आहे. आई जुलैत नागपूरहून इथे अमेरिकेत येतेय. चौथीत असताना टिळक पुण्यतिथीला मी ‘अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग’ इथपर्यंत आलो आणि थिजलो. पुढचं आठवेना. आई पहिल्या रांगेत बसली होती. घरी जाताना तिने मला आइस्क्रीम घेऊन दिलं. ते आइस्क्रीम मला अजून सलतं. आता मी स्वतःच अध्यक्ष महोदय आहे. या खेपेला आईने पूर्ण ऐकलंच पाहिजे.

१४ जून, रविवार

पहिली मीटिंग, मीनाक्षीच्या बेसमेंटमध्ये. माझ्या भाषणाचा प्रस्ताव मी अत्यंत विनयाने मांडला. मीनाक्षीने विचारलं की चाळीस मिनिटं माणसं उपाशीपोटी बसतील का. मी म्हटलं, विचारांची भूकही असते. कोणीतरी हसलं. बहुधा कौतुकाने.

ठराव: अध्यक्षीय भाषण तीन मिनिटं. सहा विरुद्ध एक. लोकशाहीत अशी चुरस असायचीच.

१५ जून

कार्यक्रमपत्रिका ईमेलने मंजुरीला आली. मंडळाच्या घटनेत कलमच आहे की अध्यक्षांच्या मंजुरीशिवाय पत्रिका छापता येत नाही. हा:! नकार कळवला तर भांडण होणार. म्हणून उत्तरच द्यायचं नाही. याला पॉकेट व्हेटो म्हणतात. मोठमोठ्या अध्यक्षांनी वापरलाय. ईमेल खिशात, मी गप्प. आता बसा म्हणावं.

२६ जून

मीनाक्षीचं ईमेल: ‘मंजुरीबद्दल आभार.’

मंजुरी? घटना पुन्हा काढली. कलम नऊ: दहा दिवसांत उत्तर न आल्यास अध्यक्षांची संमती गृहीत धरावी. असलं बिनडोक कलम लिहिलं कोणी, म्हणून शेवटचं पान पाहिलं. मसुदा समिती: विनय.

इशिता यंदा शाळेत गव्हर्नमेंट हा विषय शिकलीय. ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, “डॅड, सेम इन डीसी. इट ओन्ली वर्क्स इफ काँग्रेस हॅज गॉन होम.” विरोधक घरी गेले असतील तरच चालतं म्हणे. आमचे घरी जातच नाहीत. सदा मीनाक्षीच्या बेसमेंटमध्ये.

११ जुलै, शनिवार

आई आली. एअरपोर्टवरच विचारलं, तुझं भाषण कधी आहे? म्हटलं, सप्टेंबरात. तिने नागपुरात अख्ख्या लेआउटमध्ये, म्हणजे आमच्या कॉलनीत, सांगून ठेवलंय की विनय अमेरिकेत अध्यक्ष झाला. शेजारच्या जगन्नाथ काकांनी पेपरात शोधलं म्हणे. सापडलं नाही.

२ ऑगस्ट, रविवार

नवी रणनीती: स्नेहभोजन. जे मीटिंगमध्ये होत नाही ते जेवणाच्या टेबलावर होतं. सहाही विरोधकांना बोलावलं. आईने सांबारवड्या केल्या. आम्हा नागपूरकरांचा सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुणेकर मीनाक्षीला समजावण्यात अर्धा तास गेला. मग तिने सात वड्या खाल्ल्या.

बेत असा होता की सगळे तृप्त झाले की भाषणाचा विषय काढायचा. काढलाही. पण तोवर त्यांनी आईला फूड कमिटीत घेऊन टाकलं होतं. एकमताने. मी हात वर केला नव्हता, कोणी पाहिलंही नाही.

म्हणजे आता माझी सख्खी आई विरोधी बाकावर. सकारात्मक बाजू: आत आपलं माणूस असलेलं बरं.

२३ ऑगस्ट, रविवार

सौजन्य पुरे झालं. शटडाउन! गॅरेज बेमुदत बंद. चाळीस मिनिटं मिळेपर्यंत मखर मिळणार नाही, पातेली मिळणार नाहीत. तसा व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यादेश काढला. खाली तीन थम्ब्ज अप आणि एक ‘हॅपी बर्थडे रुपाली’.

२५ ऑगस्ट

शटडाउन मागे घेतला. ऑफिसातून आलो तर गॅरेज निम्मं रिकामं. गॅरेजच्या दाराचा कोड कमिटीला शैलजाने दिला. मी जाब विचारला, तर म्हणाली की आईंनी पातेली घासायला मागितली, नाही कसं म्हणू? आणि कोड इशिताचा बर्थडे आहे, तो सगळ्यांना माहीतच आहे, दर वर्षी केक खायला येतात.

राष्ट्रहितासाठी एक पाऊल मागे.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

अंतिम पत्रिका हाती आली. भाषण नाही. तीन मिनिटंही नाहीत. त्या जागी लिहिलंय: ‘११.४२ सूचना (असल्यास), अध्यक्ष.’

पंधरा मिनिटं गाडीत बसून राहिलो. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. आई आत साडीला इस्त्री करत होती. उद्या पहिल्या रांगेत बसणार म्हणाली. तिला काय सांगू?

मग डोकं चाललं. ‘सूचना’ किती मिनिटांच्या, ते लिहिलेलंच नाही! कायद्यातली फट. चाळीस मिनिटांचं भाषण पाठ आहेच. हातात माइक आला की झालं.

१९ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

ऐतिहासिक दिवस. क्रमाने लिहितो.

शाळेच्या हॉलवर सकाळी नऊला पोचलो. गाडी थेट दाराशी लावली. दोनशे माणसं मागच्या पार्किंग लॉटमधून चालत आली, पण अध्यक्षांनी चालत यायचं हे बरं दिसत नाही. कडेला लाल पट्टा होता. रंगकाम छान.

आरती झाली. आई पहिल्या रांगेत, निळ्या साडीत.

११.४२. मीनाक्षीने माइकसोबत एक चिठ्ठी दिली. एवढंच वाचा आणि खाली या, असं म्हणाली. वाचलं: चंदेरी मिनिव्हॅन, नंबर अमुक अमुक, फायर लेनमध्ये, म्हणजे आगीच्या बंबासाठी राखीव जागेत, उभी आहे, टो ट्रक आलाय, ताबडतोब हलवा.

अहो, ही तर पर्वणी! विषय शिस्त, आणि बेशिस्तीचं जिवंत उदाहरण हातात. मी सुरू झालो. “हा गाडीवाला कोण आहे मला माहीत नाही. पण अशा माणसांमुळेच...” आणि मग जे वाहत गेलो! फायर लेनवरून नागरी कर्तव्यावर, तिथून आपल्या संस्कारांवर. एकदाही अडलो नाही. हॉल नुसता खदखदून हसत होता. चौथ्या मिनिटाला शैलजा उभी राहून दोन्ही हात हलवू लागली. तिला इतकं भारावलेलं मी लग्नातही पाहिलं नव्हतं. इशिताने तोंड झाकून घेतलं. भावना अनावर होतात अशा वेळी. मीनाक्षी माइक काढून घ्यायला आली. विरोधकांचा जुना डाव. मी माइक सोडला नाही.

अकरा मिनिटं बोललो. प्रचंड टाळ्या.

खाली उतरल्यावर शैलजाने सांगितलं.

ईडन प्रेरीत चंदेरी मिनिव्हॅन पन्नास तरी असतील, आणि स्वतःच्या गाडीचा नंबर कोणाला पाठ असतो? बाहेर गेलो तेव्हा ट्रक सिग्नलपाशी वळत होता. गाडीची मागची काच दिसली. त्यावर मंडळाचं स्टिकर.

घरी मीनाक्षीच्या गाडीने आलो. आई पुढे, शैलजा आणि इशिता मध्ये, मी सगळ्यात मागे, मांडीवर मखर. अध्यक्ष आणि विरोधक एका वाहनातून गेले, याची इतिहासात नोंद व्हावी.  वाटभर मीनाक्षीचे खांदे हलत होते.

२० सप्टेंबर, रविवार. सकाळी ८

मीनाक्षी दहाला न्यायला येतेय, गाडी सोडवायला. मी म्हटलं नव्हतं, तीच म्हणाली. पुढच्या वर्षीही मीच अध्यक्ष व्हावं अशी कमिटीची इच्छा आहे म्हणे. एकमताने. काल जाताना मखर परत गॅरेजमध्ये ठेवून गेली.

आई मघापासून मावशीशी फोनवर बोलतेय. मी चहा घेऊन दाराशी थांबलो. आई सांगत होती की विनय अकरा मिनिटं बोलला, एकदाही थिजला नाही, समोरून गाडी उचलून नेली तरी पठ्ठ्या थांबला नाही. 

मावशीने विचारलं असावं, कशावर बोलला.

आई म्हणाली, पार्किंगवर.