निशिगंधाचा नवरा

प्रज्ञा,

डब्यात कळण्याच्या भाकरी आहेत, वरण गरम करून घे. मी सोनगीरला चाललेय, तुझ्या मामाकडे.

मालिकेतली निशिगंधा घेऊन तू मोबाइलवर जी गोष्ट लिहितेस, ती मी वाचते. तुला कधी बोलले नाही. काल मालिकेत तिचा मेलेला नवरा जिवंत परत आला, आणि वाचणारे तुझ्या मागे लागलेत की तुम्हीही त्याला आणा. आणू नकोस. निशिगंधा मालिकावाल्यांची असेल, पण तो गेल्यावर तिला दुकान तू काढून दिलंस, स्कूटी तू शिकवलीस. तिकडे ती नुसती फोटोपुढे रडत होती. आता तो येणार आणि आयता गल्ल्यावर बसणार. का म्हणून?

तुझे पप्पा सोनगीरला आलेत. आपल्याला टाकून गेले तेव्हा तू बालवाडीत होतीस. मामा म्हणतो, झालं गेलं विसर आणि त्यांना घरी घेऊन जा. फोनवर नाही म्हटलं, तर ऐकतच नाही. म्हणून समोर बसून सांगायला चाललेय.

संध्याकाळी येते. स्वयंपाक दोघींपुरताच कर.

आई