टक् आवाज आणि डीव्हीडी रायटर

५ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तोच आवाज! टक्. थोडी शांतता. पुन्हा टक्.

दीपगृहाच्या सिनेमाचे कालचे रेकॉर्डिंग आज हेडफोन लावून ऐकत होते. नायिका जिना चढते, संवाद नाहीत, नुसता वारा. तिथे मी सांगते आहे, "तिच्या हातात कंदील आहे, पण तो विझलेला आहे" — आणि 'विझलेला'च्या पाठोपाठ टक्! मग मागची सगळी रेकॉर्डिंग काढून ऐकली. एकही निर्दोष नाही. विनोदी प्रसंगांत आवाज कमी, गंभीर प्रसंगांत जास्त. भावनाप्रधान हार्ड डिस्क!

हसायला नको खरे तर. आत्या महिनाअखेरीला जाणार. आतेभाऊ तिला कायमची स्वतःच्या घरी नेतो आहे. तिची दृष्टी गेल्यापासून रोज संध्याकाळी सातला आम्ही दोघी माझ्या खोलीचे दार लावतो, संगणकावर सिनेमा लावतो आणि संवादांच्या मधल्या जागांत जे दिसते ते मी सांगते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. ग्रंथालयात नोकरी मिळाली तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं, तिथे बोलायला बंदीच आहे." पण आत्यासमोर मी दोन-दोन तास बोलते. म्हणूनच ती मला 'मुके' अशी हाक मारते.

तिथे तिला कोण सांगणार? म्हणून गेला महिनाभर माईक लावून सगळे सिनेमे माझ्या आवाजासकट साठवते आहे. आणि ते ज्या डिस्कवर आहेत तीच टकटक करू लागली आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

संगणकाच्या दुकानात जाऊन आले. एकटी! घरून वाक्य पाठ करून निघाले होते — "माझ्या संगणकाच्या साठवणयंत्रातून अनियमित ध्वनी उत्पन्न होत आहे." दुकानदाराने ते पूर्ण ऐकून घेतले, मागच्या कारागिराकडे पाहिले आणि म्हणाला, "हार्ड डिस्क वाजतेय म्हणा की, ताई."

रेकॉर्डिंग ऐकवले. त्याने डोळे मिटून मान हलवली. "हेड आपटतंय आत. आज चालू आहे म्हणून चालू म्हणायचं. बॅकअप आहे?"

"नाही."

त्याचा चेहरा इतका पडला की क्षणभर मलाच त्याचे सांत्वन करावेसे वाटले. "मग आधी डीव्हीडी रायटर घ्या. सगळं उतरवून काढा. बाकीचं नंतर."

कोणता घ्यावा, हे विचारायचे वाक्य पाठ केले नव्हते. तशीच परतले.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रंथालयात संगणकविषयक मासिकांचे जुने अंक आहेत. कोणी चाळत नाही, पाने अजून एकमेकांना चिकटलेली. तीन दुपारी त्यांत घालवल्या. आता मला इतके कळते की काहीच ठरवता येत नाही. संगणकाच्या आत बसवायचा की बाहेरून जोडायचा? तबकड्या प्लस जातीच्या की मायनस? लिहिण्याचा वेग किती? एक रायटर तबकडीच्या पाठीवर चित्रही कोरतो. ते आत्याला दिसणार नाही. बाद.

जेवताना विषय काढला. आईने डोक्याला हात लावला. "अग, स्थळ बघताना सुद्धा लोक इतकी चौकशी करत नाहीत!"

"करायला हवी," आत्या म्हणाली. "मी केली असती तर घोरणारा नवरा पदरी पडला नसता. मुके, सिनेमा न अडखळता चालवेल तो घे. बाकी सगळं माफ."

बाबांनी पानातून मान वर केली नाही. नकाशांच्या कचेरीत दिवसभर रेघा ओढणारा माणूस. घरीही सरळ रेघेतच बोलतो. "एकदा पाहिलेला सिनेमा पुन्हा कोण बघतं? कशाला हवं ते यंत्र?" हात धुऊन आले, चष्मा काढून डबीत ठेवला, डबी मिटली. बाबांची डबी मिटली की विषय मिटला, अशी आमच्याकडे समजूत आहे.

मी मात्र रायटर घेणारच. माझा पगार, माझा आवाज, माझी आत्या!

११ फेब्रुवारी, रविवार

स्वप्नात गणिताचा पेपर. सगळ्या उत्तरांपुढे प्लस लिहू की मायनस, तेवढेच आठवत नव्हते.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

घेतला! काळा, जाडजूड, पुस्तकाएवढा. बाहेरून जोडायचा. संगणकच उद्या बंद पडला तर आतला रायटरही त्याच्याबरोबर अडकणार; बाहेरचा काखेत मारून ग्रंथालयातल्या संगणकाला जोडता येईल. हा विचार मला स्वतःला सुचला, मासिकात नव्हता. प्लस-मायनस दोन्ही चालतात, तेव्हा तो वाद माझ्यापुरता संपला.

दुकानदार सर्वांत वेगवान यंत्र गळ्यात मारू पाहत होता. मी म्हटले, "मला वेग नको, शाश्वती हवी."

"ती कंपनीवाले देत नाहीत, ताई. वेगच देतात." मग हसून म्हणाला, "पण सावकाश लिहाल तर डिस्क नीट लिहिली जाते, हे खरं. घाई करू नका म्हणजे झालं."

आयुष्यात प्रथमच कोणी मला हा सल्ला दिला. एरवी सगळे उलटेच सांगतात.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर यंत्र गुणगुणते आहे. दीपगृह झाले, सर्कशीचा सिनेमा झाला, माझ्या कित्येक वर्षे रेंगाळलेल्या प्रबंधाची प्रकरणे एका वेगळ्या तबकडीवर गेली. प्रत्येक तबकडी याच यंत्रात पुन्हा घालून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासून पाहते. सुरेख चालतात! टक् आवाजही सुरेख उतरला आहे. तो काही गळून पडला नाही. असो. माझे शब्द तरी वाचले.

आत्याने यंत्रावर तळवा ठेवला. "तापलंय की. कष्ट करतंय बिचारं." मग तबकडी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी चाचपली. "आणि मला कसं कळणार ग, कुठली कुठली?"

हा प्रश्न एकाही मासिकाने विचारलेला नव्हता!

उपाय तिनेच काढला. जुन्या चादरीच्या पिशव्या शिवायच्या आणि वर गुंड्या लावायच्या. एक गुंडी म्हणजे विनोदी, दोन म्हणजे रडवा. सुई मी ओवून दिली, गुंड्या तिने लावल्या. एक गुंडी लोंबकळत राहिली तेव्हा म्हटले, "आत्या, ही सैल झाली."

"राहू दे. ज्याचा शेवट मला पटला नाही त्याची सैलच ठेवणार आहे."

२४ फेब्रुवारी, शनिवार

आत्या गेली. सगळ्या पिशव्या तिने हातातल्या थैलीत ठेवल्या, सामानात जाऊ दिल्या नाहीत. बाबांनी बॅग गाडीत ठेवली. "पोचलीस की फोन कर," एवढेच म्हणाले. आत्या म्हणाली, "दादा, तूच कर की कधीतरी!" आणि गाडी निघाली.

सात वाजता सवयीने दार लावून घेतले. मग उघडले. कशाला लावायचे?

२७ फेब्रुवारी, मंगळवार

एकही तबकडी चालत नाही! एकही!

आतेभावाचा फोन आला. "अग, टीव्हीखालचा प्लेअर नुसता 'नो डिस्क' दाखवतोय. शेजारच्यांचाही आणून पाहिला." मागून आत्याचा आवाज — "मुके, इथे आल्यावर तू माझ्याशीही बोलेनाशी झालीस की काय?"

ती चेष्टाच करत होती. पण फोन ठेवल्यावर मला रडू आले. सगळे तपासले होते मी. एकेक ओळ वाचून केलेली निवड. आणि ती तिथे थैली मांडीवर घेऊन गुंड्या चाचपत बसली असेल.

१ मार्च, गुरुवार

चूक माझीच, आणि अगदी माझ्या स्वभावाबरहुकूम!

रायटर आणि संगणक दोन्ही रिक्षात घालून दुकानात नेले. दुकानदाराने एकच विचारले — "शेवटी डिस्क बंद केली होतीत?"

प्रत्येक तबकडी लिहून झाली की पडद्यावर प्रश्न येतो, डिस्क बंद करायची का? मी दर वेळी 'नाही' म्हटले होते. बंद केली की पुढे काही भरता येत नाही. न जाणो, काही सांगायचे राहिले असले तर? शाळेत असताना घंटा होईपर्यंत मी शेवटच्या उत्तराखाली रेघ मारत नसे. बाई म्हणायच्या, "पहिली तूच येणार आहेस, आता तरी पेपर दे!"

"उघडी डिस्क तुमच्या मशीनला कळते," दुकानदार म्हणाला. "परक्या प्लेअरला वाचता यायची तर बंद करावी लागते. बारीकसारीक सगळं विचारलंत आणि हेच विचारलं नाहीत, ताई!"

बारीकसारीक! पण रागावता आले नाही. तो स्वतःच हसत होता, मग मीही हसले. दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर.

जाता जाता त्याने हार्ड डिस्कही तपासली. बराच वेळ पडद्याकडे पाहिले, मग डोके खाजवले. "ही तर ठणठणीत आहे. काहीसुद्धा झालेलं नाही हिला."

"मग तो आवाज?"

"माईक असेल," तो म्हणाला. पण या वेळी डोळे मिटून मान हलवली नाही.

४ मार्च, रविवार

सगळ्या तबकड्या नव्याने लिहिल्या. सावकाश. आणि प्रत्येकीला शेवटी 'होय'. पहिल्यांदा 'होय' म्हणताना बोट अडखळले. नंतर मजा वाटू लागली.

पिशव्या आईने शिवल्या, गुंड्या मी लावल्या. सैल गुंडीसुद्धा सैलच लावली. आई म्हणाली, "इतकं करून पुन्हा चालल्या नाहीत तर मी स्वतः जाऊन तिला सिनेमा सांगेन. दोन वाक्यांत सांगेन. मुलगा भेटला, लग्न झालं."

कुरियरचे पुडके बांधत होते तेव्हा बाबा जवळून गेले. थांबले. "कंदीलवाला मधे ठेव. दाबला जाणार नाही."

बाबांना आईने सांगितले असावे.

६ मार्च, मंगळवार

ग्रंथालयातला माईक एका दिवसासाठी मागून आणला. स्वतः मागितला! सात वाजता दार लावून नवा सिनेमा घेतला — घड्याळदुरुस्ती करणाऱ्या बहिणींचा. आत्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून बोलणे सुरुवातीला जड गेले. मग धाकटी बहीण घर सोडून निघाली आणि मी खुर्ची विसरले.

ऐकून पाहिले. बरे झाले आहे. धाकटी दारातून वळून बघते, तिथे टक्. टक्. टक्.

माईकही निर्दोष. आता संशय घ्यायला यंत्र उरले नाही.

९ मार्च, शुक्रवार

आत्याचा फोन! सगळ्या चालल्या. विझलेल्या कंदिलाला सूनबाई रडल्या म्हणे. मी म्हटले, "फक्त तो टक् आवाज तेवढा माफ कर, आत्या. सगळं तपासून पाहिलं, जात नाही."

ती हसू लागली ती थांबेचना. "अग मुके, तो दादा आहे! दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो आणि चष्म्याची डबी उघडमीट करतो. लहानपणीही गोष्ट रंगात आली की त्याच्या हाताला चाळा लागायचा. पहिल्या सिनेमापासून बसतोय. मला वाटलं, तुला ठाऊक आहे!"

सात वाजता दार उघडले. खुर्ची होती. मांडीवर वर्तमानपत्र होते. चष्मा डोळ्यांवर नव्हता.

"बाबा, आत या. सुरू करते आहे."

ते उठले. उंबऱ्याशी थांबून हातातल्या डबीकडे पाहिले. "ही बाहेर ठेवून येऊ?"

"नको," मी म्हटले. "टक् ऐकू आलं नाही तर आत्या शोधेल."