फाट्यावर थांबण्याची अट

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी दारात मोटारसायकलची साखळी पुसायला बसलो होतो. माझी पुतणी तीच गाडी घेऊन दोन दिवसांचा प्रवास करून नुकतीच परतली होती. इंजिन अजून गरम होते. तिच्याबरोबर गेलेली मैत्रीण मात्र कुठे दिसेना.

"ती कुठे आहे?" मी विचारले.

"येईल. मागे पडली."

"फाट्यावर थांबली नाहीस?"

"काका, तू बाबांच्या मागेच होतास ना? तरी ते गेलेच. मग थांबून काय उपयोग?"

मैत्रीण पाऊण तासाने आली, मागच्या चाकात हवा नसलेली गाडी ढकलत, घामाघूम. पुतणीला म्हणाली, "तुझ्यापेक्षा पंक्चर बरं. निदान शेवटपर्यंत माझ्याबरोबर राहिलं." दोघी हसल्या. मला हसू आले नाही. हातातली चिंधी खाली ठेवली, आणि हे मृत्युपत्र लिहायचे त्याच वेळी ठरले.

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, अविवाहित, कारखान्यात लेथवर काम करणारा, हे माझ्या मर्जीने लिहीत आहे. पुढच्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर निर्धास्त आहेत, मीही बराचसा आहे. बुद्धी शाबूत आहे. कुणी दटावून किंवा गोड बोलून हे लिहवून घेतलेले नाही. मी दहावीपर्यंत गावच्या शाळेत शिकलो, त्यामुळे वाक्ये वकिलासारखी उतरणार नाहीत. पण जे लिहितो ते देवाला स्मरून लिहितो.

१. माझ्या नावावरची लांबच्या प्रवासाची मोटारसायकल, दोन्ही बाजूंच्या पेट्यांसह, माझ्या पुतणीला द्यावी. गाडी मुळात दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, तिच्या वडिलांची. नऊ वर्षांपूर्वीच्या ज्या अपघातात दादा गेला, त्यात गाडीचा पुढचा भाग वाकला आणि टाकी चेपली. आमचा चुलतभाऊ अंत्यविधीच्या दिवशीच म्हणाला, "भंगारात घाला, अपशकुनी आहे." वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझ्या डोळ्यांसमोरून न्या. पण भंगारात घालू नका." मला ती रस्त्यावर आणायला दीड वर्ष लागले. मागच्या चाकाचे बुश, म्हणजे आसावर बसणारी छोटी नळी, कुठे मिळेना, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत लेथवर स्वतः कातले. ते अजून टिकून आहे. चुलतभावाला या गाडीचा एक नटही मिळू नये.

२. गाडीच्या देखभालीविषयी. हे मृत्युपत्रात बसते की नाही ठाऊक नाही, तरी लिहितो. साखळी दर पाचशे किलोमीटरला पुसून तेल द्यावे. ती ताठ करून बसवू नये. पेट्या भरल्या आणि वर माणूस बसला की ती आपोआप ताणते. जड सामान पेट्यांच्या तळाशी, दोन्हीकडे सारखे. सकाळी चालू केल्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटर पिळू नये. मी तेवढ्या वेळात माझी प्रार्थना म्हणतो; ती संपेपर्यंत इंजिनचा आवाज एकसारखा होतो. दादा चिडवायचा, "देव आणि इंजिन एकाच फेरीत उरकतोस की रे!" पुतणीने प्रार्थना म्हणावी असा आग्रह नाही, पण इंजिनला तेवढा वेळ द्यावा.

३. पान्यांची पेटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला आताच देऊन टाकली आहे; तो या कागदाचा साक्षीदार आहे, म्हणून मृत्युपत्रातून त्याला काही देत नाही. "तुमच्या हाताला घाई नाही, म्हणून तुमचं गॅरेज चाललं नसतं," असे तो मला नेहमी ऐकवतो. खरे आहे. हातपंप आणि पंक्चरचे सामान पुतणीच्या मैत्रिणीला. तिचा तो हक्कच आहे. नट मोजून आवळायचा माझा टॉर्क रेंच आमच्या फोरमनने सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेला. तो त्याने ठेवून घ्यावा. फक्त चारचौघांत "माझा आहे" असे सांगणे आता थांबवावे.

४. माझ्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते पुतणीला. वहिनींच्या नावे काही ठेवलेले नाही. त्याचा कुणी भलता अर्थ काढू नये. मृत्युपत्राचे बोलणे निघाले तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, "आमच्याशिवाय तुम्हाला आहे कोण? साक्षीदार म्हणून सही मी करते." वकिलांच्या कारकुनाने सांगितले की ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये. नऊ वर्षे दर रविवारी मी वहिनींच्या घरी जेवतो. एकदाही त्यांनी मला पाहुण्यासारखे वाढले नाही.

५. कलम १ मधली गाडी एका अटीवर दिली आहे. दोघे प्रवासाला निघाले तर पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबावे. हा नियम दादाचा. मागून दिवा दिसला एवढ्यावर निघायचे नाही. मागच्याने हात वर करायचा, तो हात पाहायचा, मगच पुढच्याने पाय उचलायचा. "दिवा काय, कुणाचाही असू शकतो," असे तो म्हणायचा.

अपघात झाला त्या दिवशी आम्ही चहाला थांबलो होतो. दादाने चार अनोळखी माणसांसमोर माझी टिंगल केली. "याला गाडी कशाला? पाळणा द्या. झोके तरी घेईल." लोक हसले. चाळिशीचा माणूस मी, पण रुसलो. न बोलता पुढे निघालो. फाट्यावर थांबलो, तेही सवयीने. संध्याकाळ होत आली होती. आरशात एक दिवा दिसला. हात वर होईपर्यंत थांबलो नाही. दादा जवळ आला असता तर पुन्हा काहीतरी बोलला असता, ते मला नको होते. तो दिवा दूध नेणाऱ्या कुणाच्या तरी गाडीचा होता.

पुढच्या पेट्रोल पंपावर मी दीड तास बसून राहिलो. येऊ दे, आपण बोलायचेच नाही, असे मनाशी घोकत होतो. शेवटी मागे फिरलो, तेव्हा दादा फाट्याच्या अलीकडच्या वळणावर, रस्त्याच्या खाली सापडला. त्याने हेल्मेट काढून शेजारी सरळ ठेवले होते आणि हातमोजे त्यात होते. कुठेही थांबला की तो तसेच ठेवायचा. श्वास चालू होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, "तासभर आधी आणायला हवं होतं."

घरी येऊन मी वहिनींना सांगितले, "मी मागेच होतो. जागीच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही." त्यांना धीर यावा म्हणून तसे बोललो, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांना धीर आलाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या तेच सांगत, "भावजी मागेच होते. त्यांना काही कळलं नाही." मी मान खाली घालून शेजारी बसलेला असे.

रोज प्रार्थनेत क्षमा मागत आलो. पण जिच्याकडे मागायची तिला काही ठाऊकच नव्हते, आणि मी देवाच्या आड लपलो होतो. त्या रविवारी कळले की माझ्या खोट्यातून पुतणी एक धडा शिकली आहे: कुणी सोबत असले काय, नसले काय, सारखेच. गाडीबरोबर हा धडा तिच्याकडे जाऊ नये. दादाला कुणीतरी हवे होते, आणि तो माणूस मी होतो.

६. हे कलम आज, वहिनींच्या स्वयंपाकघरात, त्यांच्यासमोर बसून लिहीत आहे.

तासाभरापूर्वी मी आणि मेकॅनिक कागद घेऊन आलो. वहिनींनी हात पुसून पेन मागितले. "कुठे करायची सही?"

"आधी वाचा, वहिनी."

"वाचायचं काय त्यात? पाने आणि पकडीच ना?" त्या हसल्या.

साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, सही होताना पाहिली की पुरे, असे कारकून म्हणाला होता. बोट दाखवले असते तर त्यांनी न वाचता सही केली असती. मी पाचवे कलम काढले आणि मोठ्याने वाचले. मेकॅनिक अर्ध्यात उठून बाहेर गेला. पुतणी आतल्या खोलीतून येऊन दारात उभी राहिली. तिने सगळे ऐकले.

वहिनींनी विचारले, "हातमोजे आत होते?"

"हो."

"म्हणजे वाट बघत होते."

"हो, वहिनी."

त्यांनी उठून गॅस बंद केला. ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "दीड तास तुम्ही रुसून बसलात. आणि नऊ वर्षं माझ्या हातचं जेवलात."

मी हो म्हणालो.

"आत्ता इथे काय झालं तेही लिहा. मग सही करते. पण माफ केलं असं कुठे लिहू नका."

तसे कुठेही लिहिलेले नाही. नऊ वर्षे सांगायचे होते ते वहिनींना सांगितले आहे.

स्थळ: वहिनींचे राहते घर
दिनांक: १२ मार्च २०२३, रविवार, दुपारी

मृत्युपत्र करणाऱ्याची सही

साक्षीदार १: मेकॅनिक. मृत्युपत्र करणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: थोरल्या भावाची पत्नी. भावजींनी माझ्यासमोर सही केली. पाचवे कलम मी पुन्हा एकदा स्वतः वाचले.