भांडी घासायची पाळी

प्रिय बाबू,

पाकिटावर 'पाळकसाहेब' लिहिलंय ते पोस्टमनसाठी. आत तू माझा धाकटा भाऊच आहेस, आणि तुझा कान धरायचा माझा हक्क अजून कोणी काढून घेतलेला नाही.

रविवारी दुपारी फोन करून केवढ्या उत्साहात विचारलंस, ताई, उपदेश कसा झाला? मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल लाइन गेली. लाइन नव्हती गेली, माझं डोकं गेलं होतं. आता ऐक, कसा झाला ते. माझी लेक तुझ्याकडे आली होती ती तू मामा म्हणून नव्हे, चर्चचा पाळक म्हणून. नवरा हात उचलतो म्हणून घर सोडलं, हे तिनं मला सांगायच्या आधी तुला सांगितलं, तुझ्या खोलीचं दार लावून, रडत रडत. आणि तू भर उपासनेत काय बोललास? परवा एक तरुणी माझ्याकडे आली होती, हल्लीच्या मुलींना सोसायची सवयच नाही, जरा खुट्ट झालं की बॅग भरतात! नाव घेतलं नाहीस म्हणे. वा रे वा, काय उपकार! ती माहेरी आलीय हे सगळ्यांना ठाऊक, अख्ख्या मंडळीच्या माना पियानोकडे वळल्या. पुढचं गीत तिलाच वाजवायचं होतं रे. तिनं ते शेवटपर्यंत वाजवलं, झाकण लावलं आणि बाहेर पडली. त्यानंतर कालपर्यंत तिनं पियानोचं नावसुद्धा काढलं नव्हतं. लहानपणापासून जे तिचं सगळ्यात लाडकं, तेच तू एका वाक्यात हिसकावून घेतलंस.

मी दातांची डॉक्टर. कोणी ठणका लागून आलं तर दात कसे घासावेत यावर भाषण ठोकत नाही, आधी ठणका थांबवते. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते. त्या दिवशी पहिल्यांदाच एखाद्याला तोंड बंद कर म्हणून ओरडावंसं वाटलं.

आईचा नियम विसरलास? जेवणानंतर पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचा आणि त्यातलं स्वतःला काय लागू पडतं ते प्रत्येकानं फक्त 'हे मला' म्हणून सांगायचं. 'हे ताईला' किंवा 'हे बाबांना' म्हटलं की त्या दिवशीची भांडी त्याच्याकडे. तू इतका चोंबडा की सिंकपाशी तुझ्यासाठी स्टूलच ठेवलेलं असायचं. दुसऱ्याच्या चुका दाखवायला शास्त्र कशाला हवं, त्याला शेजारीपाजारी पुरेसे आहेत, असं आई म्हणायची. त्यानंतर तू एवढा शिकलास, शास्त्राच्या मूळ भाषासुद्धा शिकलास, आणि शेवटी पुन्हा त्या स्टुलावरच जाऊन उभा राहिलास! फरक एवढाच की आता समोर माइक आहे आणि भांडी घासायला लावणारं कोणी नाही.

काल जेवण झाल्यावर लेक आपणहून म्हणाली, आई, वाचूया का? त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. विहिरीवरच्या बाईचा भाग निघाला. पाच नवरे झालेली, लोकांची तोंडं चुकवत भर दुपारी पाण्याला येणारी ती बाई. प्रभू येशूला तिचं सगळं ठाऊक होतं. पण ते त्यानं तिलाच सांगितलं, ती एकटी असताना. शिष्य तेव्हा खायचं आणायला गावात गेले होते. आणि आधी काय केलं, तर तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. मी ताडकन म्हणाले, हे तुझ्या मामाला! लेकीनं सिंककडे बोट दाखवलं. मग काय, घासली मी भांडी, चडफडत. ती मागे बसून खुदकन हसली. किती दिवसांनी हसली म्हणून सांगू!

मग तिनं तिचं सांगितलं. म्हणाली, हे मला. ज्या गावापासून ती बाई तोंड लपवत होती, घागर तिथेच टाकून त्याच गावात ती परत गेली. मीही येत्या रविवारी पियानोपाशी बसणार. माझ्या हातात ओलं ताट होतं, ते तसंच राहिलं. बाबू, तुझ्यामाझ्या दोघांच्याही आधी ही पोर शहाणी झाली.

म्हणून हे पत्र. रविवारी ती येतेय, आणि माना पुन्हा वळणार आहेत. तू भर सभेत बोललास, तर भर सभेतच मागे घे. ती कोण, तिचं काय झालं, यातलं अवाक्षर काढायचं नाही. मी चुकलो, विश्वासानं सांगितलेलं चव्हाट्यावर आणलं, एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं. उपदेश नको, दाखला नको. मी तुला माफ केलेलं नाही, उगाच गैरसमज नको. पण शनिवारी जेवायला ये. मामाला बोलव, असं तिनंच सांगितलंय. वाचणार ती आहे. पहिलं 'हे मला' तुझ्या तोंडून ऐकायचंय तिला. स्टूल मी माळ्यावरून काढून ठेवलंय.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
ताई