शेवटी सगळे घरी येतात

आबा,

तुम्ही गेल्यावर मी जे काम धरलं ते ऐकून तुम्ही पोट धरून हसला असतात. मी पुण्यात एका स्टुडिओसाठी परदेशी कार्टून पिक्चरचे मराठी संवाद लिहिते. पडद्यावरचं पात्र जेवढा वेळ तोंड हलवतं तेवढ्यात आपलं वाक्य बसवायचं, एवढंच. सध्या मे महिना आहे, पंखा गरम वारा फेकतो आहे आणि माझ्यासमोर नाताळचा पिक्चर चालू आहे, कारण डिसेंबरात दाखवायचा तर आत्ताच लिहून द्यावा लागतो. बर्फ पडतोय, लाल कपड्यांतला म्हातारा आजारी पडलाय, त्याची गाडी रस्त्यात अडलीय. पुढचं मला न बघता माहीत आहे. या पिक्चरांचा साचा मला स्टुडिओत कोणी शिकवला नाही. तो मी भोकरदनला, तुम्ही तिकीट लावून पिक्चर दाखवायचात त्या आपल्या व्हिडिओच्या खोलीत, सतरंजीवर बसून शिकले.

तुम्ही एसटीनं जालन्याला जाऊन कॅसेटी आणायचात. त्या दुकानाचे मारवाडी शेठजी मारामारीच्या चार पिक्चरसोबत एखादी इंग्रजी कार्टूनची कॅसेट तुमच्या पिशवीत टाकायचे. ‘ले जाओ, तसंबी कोणी नेत नाही,’ म्हणायचे. इंग्रजीचं आणि तुमचं काही सख्य नव्हतं. मग नाताळच्या सुट्टीत दुपारी गल्लीतली सगळी पोरं जमली की तुम्ही आवाज बंद करायचात, टीव्हीशेजारी उभे राहायचात आणि गोष्ट स्वतःच सांगायचात. बर्फ तुम्ही कधी पाहिला नव्हता. आपल्याकडे त्या दिवसांत घराघरांत कापूस येऊन पडलेला असतो, त्यामुळे पडद्यावरचं पांढरं दिसलं की तुम्ही बिनदिक्कत सांगायचात, ‘आता बघा, कापूस उडून राह्यला.’

‘गाडीला चाकं न्हाईत, मंग चालती कशी?’ कोणीतरी विचारायचं.

‘कापसावर घसरती. बिलकुल आवाज न्हाई.’

‘आन् म्हातारा धुराड्यातून काहून जातो? दारातून जाय ना.’

‘दारातून गेला तर लोकं चहा पेल्याबगर सोडतेत का? त्याला जल्दी हाय. सगळ्या गावाला पुरायचंय.’

आम्हाला ते पटायचं. अजूनही कधी कधी मला तेच जास्त पटतं.

दोनचार वर्षं ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं होतं. म्हाताऱ्यावर काहीतरी संकट येणार, गाडी ओढणाऱ्या ज्या जनावराला बाकीचे हसतात त्याच्यामुळेच ते टळणार, एका पोराचा कशावर विश्वास नसणार आणि त्यालाच सगळं दिसणार, आणि हे सगळं एका रात्रीत आटपणार. शेवटी जो कोणी लांब गेलेला असेल तो बरोबर पहाटे दारात उभा राहणार. हा शेवटचा नियम मी फार मनावर घेतला होता. तुम्ही वाट्याची जमीन विकून टीव्ही आणि व्हीसीआर घेतलात, तेव्हा मामा येऊन ‘आमचा जावई आता पिक्चर दाखवनार’ असं चारचौघांत बोलले, तुम्ही उलट बोललात, आणि आई त्यांच्याबरोबर माहेरी, अंकुशनगरला निघून गेली. माझी शाळा बुडू नये म्हणून मला मागे ठेवलं. ‘चार दिवसांत येते,’ म्हणाली होती. तिकडून कोणी तिला पाठवलं नाही, इकडून तुम्ही आणायला गेला नाहीत. ती स्वतःहून का आली नाही, हे मला आजही नीट कळलेलं नाही. मी मात्र दर नाताळच्या सकाळी ओटा झाडून ठेवायचे, कारण नियमाप्रमाणे ती त्याच दिवशी यायला हवी होती.

तुमच्या ते कधीतरी लक्षात आलं असणार. एका वर्षीच्या पिक्चरमध्ये शेवटी दार उघडलं, कापसात एक बाई उभी होती, आणि तुम्ही म्हणालात, ‘ही शेजारीन. खीर घेऊन आली.’

मी उभी राहिले. ‘न्हाई आबा, ती तिची आई हाय. पोरगी गळ्यात पडली, बघा ना.’

‘शेजारीन मायाळू हाय, म्हनून पडली.’

पोरं हसली. सगळे गेल्यावर कॅसेट मागे फिरवताना तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘पिक्चर दीड तासात आटपावा लागतो, बाई. म्हनून समदे बराबर टायमाला येतेत. आपलं तसं नसतं.’ मी त्या दिवशी जेवले नाही. तुमचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही. एवढ्या पोरांना खोटं सांगितलंत ते चाललं असतं, पण मला सांगायला नको होतं.

पुढे गावात केबल आली आणि खोलीत कोणी फिरकेना. मी जालन्याला कॉलेजात होते. नाताळच्या सुट्टीत घरी आले तर व्हिडिओच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून तुमचा आवाज येत होता. मी फटीतून पाहिलं. सतरंजी अंथरलेली, समोर कोणी नाही. टीव्हीचा आवाज बंद, फीत झिजल्यामुळे चित्र थरथरतंय, आणि तुम्ही शेजारी उभे राहून हळूहळू गोष्ट सांगताय. म्हातारा निघाला, कापूस उडून राह्यला, गाडी घसरली. मग शेवटचं दार उघडलं. तुम्ही म्हणालात, ‘आली बघा आई.’ मी आत आले नाही. ओट्यावर बसून राहिले, आणि तुम्ही बाहेर आल्यावर आत्ताच बसमधून उतरले असं सांगितलं. तुम्ही चहा ठेवलात.

आता जे खरं सांगायचं आहे ते सांगते. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी घर रिकामं करायला आले होते. भर दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली, हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर. मी लगेच ओळखलं. मामा वारल्यावर मामेभाऊ तिला घेऊन दुसऱ्या गावी गेला होता आणि तुमच्या जाण्याचा निरोप तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता, हे मला मागाहून कळलं. उंबऱ्याबाहेरूनच तिनं विचारलं, ‘तुझे आबा हायेत का घरी?’

मी नाही म्हणाले. कसं, कधी, ते सांगितलं. ती तिथंच खाली बसली आणि फार रडली. मी पाणी दिलं, भाकरी केली, ती तिला गेली नाही. ‘राहा ना आज,’ मी म्हणाले.

‘आता कोनासाठी राहू, बाई?’ असं म्हणून ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली.

ती आली होती, एवढंच तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले. हा कागद टपालात टाकायचा नाही, तेव्हा एक बोलून टाकते. ती उंबऱ्यावर बसून रडत होती तेव्हा मला तिची कीव आली नाही, तुमची आठवणही आली नाही. आबा, मला तुमचा हेवा वाटला.