चार कोंबड्या, एक वेस्टचं पोतं

६ जुलै १९८२, मंगळवार

वास. आज तो माझ्याबरोबर दादरला शाळेपर्यंत आला. फळ्याकडे वळले आणि पदरातून कोंबड्या आल्या. पहिल्या बाकावरची मुलगी तोंडानं श्वास घेत होती. सभ्य मुलगी आहे.

तीन आठवडे झाले. चार कोंबड्या, चुलतभावानं गावाहून एस.टी.तून मांडीवर टोपली धरून आणलेल्या. मागच्या दाराबाहेर तीन हात जागा, पलीकडे मिलची भिंत. तिथे बाबांनी फळकुटं ठोकून खुराडं केलं. मधून गटार. दहा दिवस पाऊस थांबलेला नाही, त्यामुळे गटार आणि अंगण असा फरक उरलेला नाही.

बाबांनी नावं ठेवली नाहीत. नंबर दिले. एक ते चार. तीस वर्षं मिलमध्ये चार साचे, म्हणजे माग, चालवले, तसे.

अंडी आजवर सहा. मी एकही खाल्लं नाही.

९ जुलै, शुक्रवार

विष्ठा हिरवी, पाण्यासारखी. २ नं. आणि ४ नं. पिसं फुगवून कोपऱ्यात. डोळ्यांत फेस. श्वास घेताना आत काहीतरी घरघरतं. खुराड्यातला पेंढा दाबला की काळं पाणी येतं. फळी उचलली, खाली अळ्या. पुन्हा ठेवली. नंतर जेवले. जेवता आलं, याचीच किळस जास्त.

शेजारच्या पार्वतीकाकी मोरीशी उभ्या राहून ऐकवत होत्या. चाळीत माणसांना पाय ठेवायला जागा नाही आणि इथे पक्ष्यांचं बिऱ्हाड. मला म्हणाल्या, "सुमन, तू शिकलेली मा? बापाशीक दोन शब्द सांग."

सांगता येत नाही. जानेवारीत मिलचा संप सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने बाबा सभांना गेले. मग एप्रिलपासून भिंतीकडे तोंड करून निजले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. अडीच महिने मी त्यांची पाठ पाहिली. बनियनला कुठे किती भोकं आहेत ते अजून सांगू शकते. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही असे निजले नव्हते. तेव्हा पाळी होती, जावं लागलं.

कोंबड्या आल्या तेव्हा उठले. भोंगा वाजत नाही तरी साडेसहाला दाढी करतात, खाकी अर्धी चड्डी घालतात, मागच्या दारानं बाहेर पडतात. 'पहिली पाळी.'

कोंबड्या गेल्या तर परत भिंत. म्हणून मी गप्प.

११ जुलै, रविवार

आज बाबांनी पेंढा फेकला. खाटेखालून वेस्टचं पोतं ओढलं. साच्याखाली पडतं ते तुटकं, गुंतलेलं सूत. हात पुसायला, स्टो पुसायला आमच्या घरात वर्षानुवर्षं हेच. पोतं अर्धं रिकामं करून खुराड्यात अंथरलं. चारही कोपरे हातानं दाबून पाहिले.

"सुक्या हा, मऊ हा. ओली बसली तर मरतली गो."

मीही हात घालून पाहिला. खरंच कोरडं. चांगली कल्पना, म्हटलं. हे लिहून ठेवते.

२ नं. त्यात रुतून बसली. मेलेल्या माणसाच्या नाकात कापूस घालतात ते आठवलं. सांगितलं नाही.

१४ जुलै, बुधवार

४ नं. मेली. सकाळी पाय वर, चोचीतून लाळेची तार. अंगावरच्या उवा गार पडलेलं शरीर सोडून फळीवर चढत होत्या. नंतर माझ्या मनगटावर.

वर्तमानपत्रात गुंडाळली. बाबा नाक्यावर टाकून येतो म्हणाले, पण त्यांना सगळ्यांसमोरून न्यायची नव्हती हे दिसत होतं. मीच शाळेच्या पिशवीतून नेली. वर निबंधाच्या वह्या. विषय: माझा आवडता पक्षी. मोर, पोपट, मोर, मोर. कोंबडी एकाचीही नाही. कचराकुंडीपाशी वह्या डाव्या हातात घेतल्या आणि उजव्या हातानं पुडकं टाकलं. वरच्या वहीचं कव्हर ओलं झालं होतं. त्या मुलाला चांगले गुण दिले.

परत आले तर बाबा एवढंच म्हणाले, "चार नंबर बंद."

१५ जुलै, गुरुवार

अर्धी रजा. २ नं.ला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात. रांगेत माझ्यापुढे टांग्याचा घोडा. डॉक्टर तरुण, नीट बोलणारे. पाण्यातून द्यायची पूड दिली. जागा कोरडी ठेवा, म्हणाले. कोरडं अंथरलंय, असं मी जरा अभिमानानंच सांगितलं. काय अंथरलं ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

आजपासून तिन्ही घरात. बाबांच्या खाटेखाली. खाली वेस्ट. दहा बाय बारात मी, बाबा, तीन कोंबड्या, स्टो, वह्या. भाताला वास, उशीला वास. वासाला विशेषण शोधत बसले होते, एम.ए.चा दोष. वास. पुरे.

१७ जुलै, शनिवार

१ नं. बरी होतीच. २ नं.चे डोळे उघडले. पूड लागू पडली. बाबा आज माझ्याशी पाच-सहा वाक्यं बोलले, त्यातली दोन कोंबड्यांविषयी नव्हती. चहात साखर कमी आहे हे एक.

३ नं. मात्र खात नाही. कालपर्यंत हीच सगळ्यांत धट्टीकट्टी. गळ्याखालची पिशवी सुजून घट्ट. दाबली की बोट रुततं, खड्डा तसाच राहतो. चोच उघडली की आंबलेल्या मोरीचा वास.

२० जुलै, मंगळवार

गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणून आज शेवटचं खाऊन घ्यायचं. यंदा चाळीत मसाल्याचा वास दोनतीन खोल्यांतूनच. बाकीचे सुकटीवर भागवत असावेत.

त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आमच्या खाटेखाली. पार्वतीकाकींचे यजमान, बाबांच्याच खात्यातले, दारात येऊन टेकले. हसत होते, पण नजर खाटेखाली.

"काय दादा, तीन साच्यांवर इलात? एक बंद साचो आमका द्या, गटारी करतो."

बाबा दारात आडवे बसले होते. उठले नाहीत.

"आजारी माल खात्याभायर सोडूचो नसता."

एक आणि दोन नंबर धडधाकट आहेत, त्या द्या, असं ते म्हणाले. त्या चालू आहेत, बाबा म्हणाले. काका आणखी थोडा वेळ हसले, मग हसणं संपलं तरी उभे राहिले. घरात चार तोंडं आहेत त्यांच्या. आमच्याकडे माझा पगार आहे. हे तिघांनाही माहीत होतं. मी वह्या तपासत असल्याचा देखावा केला.

ते गेल्यावर बाबांनी ३ नं.ला मांडीवर घेतली आणि गळा चोळत बसले. तिनं त्यांच्या चड्डीवर घाण केली. पुसली नाही.

२१ जुलै, बुधवार

सकाळी ३ नं.ला तेल पाजायचं म्हणून बाबांनी धरली, मी चोच उघडली. जिभेमागे पांढरं काहीतरी. चिमटीत धरून ओढलं. आलं. आणखी आलं. मी ओढतेय आणि ते येतंय. हातभर. राखाडी, बुळबुळीत, मध्ये भाताची आंबलेली शितं अडकलेली. मग आत कुठेतरी अडलं आणि कोंबडीची मान माझ्या हाताबरोबर पुढे आली.

सोडून दिलं.

बाबांनी ते टोक घेतलं. पाण्यात बुडवून बोटांत फिरवलं. मला दोरा दिसत होता, त्यांना काय दिसलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

"ह्या आमच्या खात्यातला सूत."

३ नं.ला टोपलीत ठेवली. खाटेखालचं सगळं वेस्ट दोन्ही हातांनी गोळा करून पोत्यात कोंबलं, पोत्याचं तोंड बांधलं. हात धुतले. खाटेवर चढले. भिंतीकडे तोंड.

मी म्हटलं, वेस्ट मलाही चांगलं वाटलं होतं. पाठ हलली नाही.

२२ जुलै, गुरुवार

साडेसहाला उठले नाहीत. दाढी नाही. चहा गार झाला, मी ओतला.

१ आणि २ नं.ची घाण मी काढली. हातानं, फावडं सापडलं नाही. जुनी वर्तमानपत्रं अंथरली. ३ नं. मान लांब करून बसून आहे. चोचीतून पाणी ठिबकतं. माझ्या निजण्याच्या जागेपासून दोन हात. तिचा राग येतो. एकदा पायानं टोपली सरकवली, हळू नाही.

मेली तर सुटेन. हे वाक्य खोडणार होते.

मेली तर ही पाठ किती महिने.

२३ जुलै, शुक्रवार

हिंदमाताला कमरेइतकं पाणी. शाळा नाही. दवाखान्याच्या वाटेवर गुडघ्याच्या वर, उघडी गटारं. नाक्यावरून परत आले. येताना पायाला काहीतरी मऊ लागलं, खाली पाहिलं नाही.

३ नं. अजून जिवंत. वास आता गोडसर. पार्वतीकाकींनी दारातून डोकावून सुरी आणू का विचारलं. चांगल्या मनानं विचारलं. शिजवायची नव्हती त्यांना. म्हणाल्या, श्रावण असला तरी सोडवल्याचं पाप लागत नाही. मी जरा थांबा म्हटलं.

मग खाटेशी गेले. कॉलेजात गेल्यापासून घरातही गावची बोली मी सोडली होती. बाबांनी कधी विचारलं नाही. आज पाठीला म्हटलं, "बाबा, पिशवी कापून सूत काढतंय मी. पण शिवूक येत नाय. गाठ माका येत नाय."

भिंतीकडेच तोंड ठेवून, "ब्लेड उकळलंस?"

उकळलं नव्हतं. खोटं बोलले नाही. ते उठले आणि स्टो पेटवला.

लिहायचं तर सगळं. मी पाटावर बसून ३ नं.ला फडक्यात गुंडाळून उताणी धरली. बाबांनी गळ्याखालची पिसं उपटली. कातडी निळी, माणसाच्या पापणीसारखी. दाढीचं ब्लेड. रक्त थोडं. वरची कातडी, मग आतली पिशवी. ती उघडली आणि खोलीभर तो वास. मी मान वळवली पण हात सोडले नाहीत. ओकारी माझ्याच खांद्यावर आली. बाबा म्हणाले, हलू नको. मोठ्या लिंबाएवढा गोळा. सूत, भात, एक अर्धा किडा. बोटांनी काढला, सूत तुटू न देता, हळूहळू, कारण टोक आत खोल गेलेलं होतं. किती वेळ लागला सांगता येत नाही. मिठाच्या कोमट पाण्यानं आतून धुतलं. हळद.

मग रिळाचा दोरा मागितला. गोधडीची सुई. आतली पिशवी वेगळी शिवली, वरची कातडी वेगळी. प्रत्येक टाक्याला सुटी गाठ. साच्यावर तुटलेलं सूत जोडतात तीच: एका हाताच्या दोन बोटांत दोन टोकं, अंगठा फिरतो, झालं; गाठ दिसतच नाही. लहानपणी माझ्या परकराच्या तुटलेल्या नाडीला बाबा हीच गाठ मारायचे, कोणीही सोडवू शकायचं नाही. अकरा गाठी. सहा महिन्यांत हे हात मी पाहिलेच नव्हते.

संपल्यावर गोळा गटारात टाकायला गेले तर म्हणाले ठेव. वाटीत झाकून ठेवला आहे. का, ते विचारलं नाही. माझ्या जेवायच्या वाट्यांपैकी एक.

२४ जुलै, शनिवार

साडेसहाला दाढी.

३ नं. पाणी प्याली. पाणी गाठींमधून छातीवर गळलं. बाबा गुडघ्यावर बसून पाहत राहिले. दोन गाठी कापून पुन्हा घातल्या. दुपारी परत पाजलं, थोडं गळलं.

वाटीतला गोळा त्यांनी धुतला. साबण लावून. सूत मोकळं करत दिवसभर दारात बसले होते आणि मिळेल तेवढं माझ्या पेन्सिलीवर गुंडाळत होते. काकांनी जाताना विचारलं, दादा, पाळी चालू झाली काय. बाबा म्हणाले, एकाच साच्यावर. दोघं हसले.

२७ जुलै, मंगळवार

गळत नाही. पातळ पेज उतरते. जखमेच्या कडेला पिवळं. रोज मीठ-पाण्यानं मी पुसते. किळस कमी होईल वाटलं होतं. झाली नाही. फक्त हात आता थांबत नाहीत.

वेस्टचं उरलेलं पोतं बाबांनी काकींना चुलीसाठी देऊन टाकलं. खुराडं पुसलं, वाळू घातली. सुताचा एकेक धागा वेचला, असं म्हणाले.

१ ऑगस्ट, रविवार

पाऊस उघडला. मिलच्या भिंतीवर शेवाळ, त्यावर ऊन. तिन्ही बाहेर. ३ नं. मान वाकडी करून चालते, गळा उघडाबोडका, दोऱ्याची टोकं दिसतात. इतकं कुरूप काही मी पाहिलेलं नाही.

बाबा पायरीवर बसून फळकुटाला खिळा मारत होते. पाठ माझ्याकडे, हातोडीबरोबर हलत होती. मी दारात वह्या घेऊन.

३ नं. काकींच्या मोरीपाशी गेली. थांबली. चोच मारली. काहीतरी पांढरं, लांबट. मान वर, गिळलं. पुन्हा वाकली.

तांदूळ असेल. सकाळी काकींनी तिथेच निवडले होते.

बाबांनी मागे न बघता विचारलं, "तीन नंबर खाता काय गो?"

"खाता," मी म्हटलं.

उठून बघायला गेले नाही.